ऐन थंडीत जन्मलेल्या शिंगराची ऊब कशी राखावी

आपला प्रश्न असा आहे की घोडी वर्षातल्या सर्वांत थंड आठवड्यांत विणार आहे, रात्री पारा शून्याच्या खाली-वर राहतो, आणि नवजात शिंगरासाठी तबेल्यात उष्णतेचा दिवा टांगावा, झूल घालावी, की दारे-खिडक्या बंद करून खोलीच गरम करावी. शिंगराला बाहेर केव्हा न्यावे, हेही आपण विचारले आहे. मी पशुवैद्य म्हणून पुष्कळ वर्षे घोड्यांच्या विणी पाहत आलो आहे आणि हे तिन्ही प्रश्न मला दर हिवाळ्यात विचारले जातात. त्यांची उत्तरे पुढे देतोच. परंतु या तिन्हींच्या आधी करण्याच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या नीट झाल्या तर दिव्याचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. शिंगरू लवकर कोरडे होणे ही पहिली गोष्ट, आणि त्याच्या पोटात वेळेवर चीक जाणे ही दुसरी.

नवजात शिंगराला थंडी इतकी का बाधते, हे आधी पाहू. घोडीच्या पोटात ते सुमारे 38 अंश सेल्सिअस तापमानात असते आणि काही मिनिटांत ते ओलेचिंब अवस्थेत शून्याच्या जवळच्या हवेत येऊन पडते. त्याचे वजन साधारण घोडीच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे मध्यम अंगाच्या घोडीच्या बाबतीत 45 ते 55 किलो असते. पण वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ घोडीपेक्षा बरेच अधिक असते आणि लांबच लांब पाय त्यात भरच घालतात. कातडीखाली चरबी जवळजवळ नसतेच. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखरही इतकी थोडी असते की दूध मिळाले नाही तर ती फार लवकर संपते. स्वस्थ पडलेल्या प्राण्याला स्वतःचे तापमान राखण्यासाठी जादा उष्णता निर्माण करावी लागते, अशी बाहेरच्या हवेची एक खालची मर्यादा असते. थंडीला सरावलेल्या मोठ्या घोड्याची ही मर्यादा शून्याच्याही बरीच खाली असू शकते. नवजात शिंगराची मात्र ती साधारण 20 अंशांच्या आसपास असते. याचा अर्थ असा की आपल्याला जी हवा आल्हाददायक वाटते, त्या हवेतही पहिल्या दिवसाचे शिंगरू अंग तापते ठेवण्यासाठी इंधन जाळत असते. निरोगी शिंगराला हे उत्तम साधते, कारण जन्मानंतर थोड्याच वेळात ते कुडकुडू लागते, धडपडत उभे राहते, आणि या दोन्ही क्रिया उष्णता निर्माण करणाऱ्या आहेत. प्रश्न फक्त इंधनाचा असतो.

आता ओलेपणाविषयी. एक साधा हिशेब मांडून पाहावा. 50 किलोच्या शिंगराच्या केसांत पाव लिटर पाणी अडकले आहे असे धरले, आणि ते सगळे केवळ शिंगराच्या अंगच्या उष्णतेने वाळायचे झाले, तर त्यात खर्च होणारी उष्णता त्याच्या शरीराचे तापमान तीन अंशांहून अधिक खाली आणण्याइतकी असते. प्रत्यक्षात इतकी घट होत नाही, कारण शिंगरू त्याच वेळी नवी उष्णता निर्माण करत असते. पण ती उष्णता कोठून येते, तर त्याच त्रोटक साठ्यातून. म्हणून टॉवेलने टिपून काढलेले प्रत्येक घोटभर पाणी म्हणजे वाचवलेले दूध होय. वाऱ्याचा झोत असेल तर हे नुकसान कित्येक पटींनी वाढते. कोरड्या, निवाऱ्याच्या जागी उणे पाच अंशांत आरामात राहिलेली शिंगरे मी पाहिली आहेत, आणि पावसात माळावर जन्मलेले शिंगरू दहा अंशांतही गारठून निपचित पडलेले पाहिले आहे.

पुसण्याची तयारी विणीच्या आधीच करून ठेवावी. जाड सुती टॉवेल किमान आठ-दहा लागतात, कारण एक टॉवेल एक-दोन मिनिटांत ओला होतो आणि ओल्या टॉवेलने पुसत राहण्यात काही अर्थ नसतो. ते उबदार जागी ठेवलेले असावेत. शिंगरू बाहेर आल्यावर प्रथम नाकातोंडावरचे आवरण बाजूला करावे, नाकपुड्या मोकळ्या कराव्यात आणि ते छातीवर बसेल, म्हणजे पाय अंगाखाली घेऊन उकिडवे राहील, अशा रीतीने त्याला आधार द्यावा. आडवे पडून राहिलेल्या शिंगराचे खालचे फुप्फुस नीट फुलत नाही आणि जमिनीकडे उष्णताही अधिक जाते. नाळ कापण्याची घाई करू नये. घोडी उठली किंवा शिंगरू धडपडले की ती आपोआप तुटते. त्यानंतर पाठ, बरगड्या, मान, छाती या क्रमाने जोरकसपणे, केसांच्या उलट दिशेने चोळावे. केस उभे राहिले की त्यांच्यात हवा अडकते, आणि शिंगराचे खरे पांघरूण तीच हवा असते. चोळण्याने श्वासालाही चालना मिळते. कानांच्या आतली आणि टोकांची ओल विसरू नये. कडक थंडीत हिमदंश सर्वप्रथम कानांच्या टोकांना होतो, आणि पुढे ती टोके झडून शिंगरू आयुष्यभर आखूड कानांचे राहते.

मात्र येथे घोडीचा अधिकार मोठा आहे, हे लक्षात ठेवावे. शिंगराला चाटून कोरडे करणे हे तिचे काम, आणि त्या चाटण्यातूनच ती त्याला ओळखू लागते. म्हणून शिंगराला तिच्यापासून दूर ओढून नेऊ नये. ती आडवी असेल तर शिंगराचे तोंड तिच्या तोंडाकडे येईल असे ठेवावे, आपण पाठीमागच्या बाजूने पुसावे, आणि डोके व मान तिच्यासाठी सोडावीत. उग्र वासाचा साबण, अत्तर, औषधी तेल यांतले काहीही शिंगराच्या अंगाला लागता कामा नये. पहिलटकरीण घोडी बावरलेली असते. तिच्यापुढे तीन-चार माणसांनी गलका करत शिंगरू चोळले तर ती त्याला जवळ येऊ देईनाशी होण्याचा धोका असतो, आणि मग कोरडे पण उपाशी शिंगरू घेऊन बसावे लागते. एक माणूस पुरेसा आहे, फार तर दोन. शिंगरू बऱ्यापैकी कोरडे झाले आणि घोडी चाटू लागली की माणसाने बाजूला व्हावे.

नाळेच्या देठाला जंतुनाशक लावतानाही ओलेपणाचे भान ठेवावे. 2 टक्के क्लोरहेक्सिडीनचा एक भाग आणि स्वच्छ पाण्याचे तीन भाग मिसळले की 0.5 टक्क्याचे द्रावण होते. ते लहान कपात घेऊन देठ त्यात काही सेकंद बुडवावा आणि पहिल्या दिवशी हे तीन-चार वेळा करावे. पोटावर द्रावणाचा सडा घालू नये. तीव्र आयोडीन वापरण्याची जुनी पद्धत मी सोडली आहे, कारण त्याने देठाभोवतीची कातडी भाजते.

आता दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे चीक. घोडीच्या वारेतून तिच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे शिंगरू जवळजवळ कोणत्याही संरक्षणाविना जन्मते आणि ते संरक्षण त्याला चिकातूनच मिळवावे लागते. हे सर्वांना ठाऊक असते. चीक हे पहिले जळणही आहे, आणि तेही शरीराच्या तापमानाला आयते तापवलेले, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. शिंगराची आतडी ही प्रतिपिंडे पहिल्या सहा ते आठ तासांत उत्तम शोषतात. पुढे ही क्षमता झपाट्याने उतरते आणि सुमारे 24 तासांनी संपते. 50 किलोच्या शिंगराच्या पोटात पहिल्या सहा तासांत एक ते दोन लिटर चांगला चीक जावा, असे उद्दिष्ट ठेवावे. पुढे चांगले चालले की शिंगरू दिवसाला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे दहा-बारा लिटर दूध पिते. घोडीच्या दुधाच्या एका लिटरमधून साधारण 500 किलोकॅलरी मिळतात. हे आकडे एकत्र ठेवले की लक्षात येते की शिंगराच्या पोटात जी भट्टी पेटते तिच्यापुढे कोणताही दिवा किरकोळ आहे.

घड्याळाचा साधा नियम असा: शिंगरू एका तासात उभे राहावे, दोन तासांत पिऊ लागावे, आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. थंडीत यातला दुसरा टप्पा मी अधिक काटेकोरपणे पाहतो. दोन तास झाले, शिंगरू अद्याप कासेपर्यंत पोहोचलेले नाही आणि बाहेर गारठा आहे, अशा वेळी "करेल हळूहळू" म्हणत वाट पाहू नये. कुडकुडण्यात साखर संपते, साखर संपली की अंगातली ताकद जाते, ताकद गेली की चोखणे मंदावते, आणि न चोखल्यामुळे अंग आणखी गार पडते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते बाहेरून तोडावे लागते. घोडीचा चीक स्वच्छ भांड्यात काढून, शिंगराला चोखण्याची चांगली ओढ असेल तर, बाटलीने पाजता येतो. पाजताना शिंगरू उभे किंवा छातीवर बसलेले असावे आणि त्याचे तोंड कासेकडे नेल्यावर असते तेवढ्याच उंचीवर राहावे. मान वर ताणली तर दूध श्वासनलिकेत जाते. गोठवून ठेवलेला चीक वापरायचा असेल तर तो कोमट पाण्यात भांडे ठेवून सावकाश वितळवावा. मायक्रोवेव्हमध्ये किंवा थेट आचेवर तापवला तर प्रतिपिंडे नष्ट होतात आणि हाती नुसते दूध उरते.

शिंगरू प्यायले की नाही, हे ठरवण्यात अनुभवी माणसेही फसतात. एकदा रात्री एका तबेल्यातून निरोप आला की शिंगरू फार कुडकुडते आहे, दोन झुली घातल्या तरी थांबत नाही. मी गेलो तेव्हा शिंगरू उभे होते, घोडीभोवती फिरत होते, चुळुचुळु आवाजही करत होते, आणि रखवालीचा माणूस सांगत होता की ते सारखे पीत आहे. मी कासेला हात लावला तर ती दगडासारखी टणक, सड ताठ, आणि दूध आपोआप गळत होते. शिंगराच्या कपाळावर आणि नाकाडावर वाळलेल्या दुधाचे पापुद्रे होते. ते घोडीच्या मांडीची आणि भिंतीची कातडी-लाकूड चोखत होते. सड त्याला सापडलाच नव्हता. त्याला सडाशी लावून दिले, अर्धा-पाऊण तास प्यायल्यावर आणि निजल्यावर ते कुडकुडायचे थांबले, आणि एक झूल काढावी लागली. तेव्हापासून मी शिंगराच्या तोंडाकडे पाहण्याआधी घोडीची कास चाचपतो. प्यायलेल्या शिंगराच्या आईची कास मऊ आणि सैल लागते. पहिल्या दिवसांत शिंगरू तासाला पाच-सात वेळा थोडे थोडे पिते आणि मधल्या वेळात गाढ झोपते. सतत कासेशी धडपडणारे आणि न झोपणारे शिंगरू उपाशी असते.

शिंगराचा दिवसाचा मोठा भाग आडवे पडून झोपण्यात जातो, म्हणून छतापेक्षा जमिनीचा विचार अधिक करावा. सिमेंटची उघडी जमीन त्याच्या अंगातली उष्णता सारखी शोषत राहते. खाली रबरी चटई आणि तिच्यावर लांब, कोरड्या, धूळ नसलेल्या पेंढ्याचा किमान वीतभर दबलेला थर असावा. नुकताच भुरभुरवलेला वीतभर थर दबल्यावर चार बोटे उरतो, तो येथे धरलेला नाही. मी एक सोपी चाचणी करतो: पेंढ्यावर सगळा भार देऊन एक गुडघा टेकावा आणि थोडा वेळ तसेच राहावे. गुडघ्याला गारवा किंवा ओल लागली तर अंथरूण कमी आहे. भिंतींच्या कडेने पेंढा उंच रचावा, म्हणजे मधे घरट्यासारखा खोलगट भाग तयार होतो आणि दाराखालून येणारा झोत अडतो. लाकडाचा भुसा एरवी चांगला असतो, पण विणीच्या वेळी आणि पहिले काही दिवस तो नको, कारण ओल्या अंगाला, नाकपुड्यांना आणि नाळेच्या देठाला तो चिकटतो. ओला पेंढा दिवसातून दोनदा तरी काढावा. मूत्राने भिजलेल्या पेंढ्यावर निजलेले शिंगरू पुन्हा ओले झालेले असते, आणि मग आधीच्या सगळ्या पुसण्यावर पाणी पडते.

दारे-खिडक्या घट्ट बंद करण्याचा मोह मला कळतो, पण तो आवरावा. बंद खोलीत दोन प्राण्यांच्या श्वासाची वाफ साचते, भिंती आणि छत पाझरू लागतात, पेंढा दमट होतो, आणि मूत्रातून निघणारा अमोनिया जमिनीलगत, म्हणजे नेमका शिंगराच्या नाकाच्या उंचीवर, सर्वांत दाट असतो. त्या हवेने कोवळ्या श्वासनलिकेचे अस्तर खराब होते आणि फुप्फुसाच्या आजारांना वाट मिळते. आपल्याला हवी ती अशी रचना, की घोडीच्या पाठीच्या वरून हवा खेळती राहील आणि गुडघ्याच्या खाली झोत येणार नाही. ही पाहणी उभ्याने होत नाही. स्वतः पेंढ्यावर आडवे होऊन दहा मिनिटे पडून राहावे. गालाला वारा लागला तर तेवढी फट बुजवावी, डोळे चुरचुरले तर वरची खिडकी उघडावी. काचेवर सकाळी पाण्याचे ओघळ दिसले तर खोली जास्त बंद आहे असे समजावे.

उष्णतेच्या दिव्याविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. अडचण अंतराची आहे. शिंगराला खरोखर ऊब लागेल इतका दिवा खाली आणला तर तो घोडीच्या डोक्याच्या, किंवा ती बिथरून मागच्या पायांवर उभी राहिली तर तिच्या खुरांच्या, टप्प्यात येतो. आणि तिच्या टप्प्याबाहेर उंच टांगला तर खाली पोहोचणारी ऊब नाममात्र राहते. त्याच्याखाली सुका पेंढा असतो, भोवती धूळ आणि जळमटे असतात. उमेदवारीच्या काळात मी एका पागेत होतो तेथे वायरवरच लटकवलेला असा दिवा घोडीने मान झटकताना पाडला. पेंढा धुमसू लागला तेव्हा सुदैवाने एक मोतद्दार दारातच उभा होता, म्हणून घोडी आणि शिंगरू दोन्ही वाचली. तरीही एखाद्या अशक्त शिंगरासाठी दिवा लावणे भागच असेल, तर तो घोडी पोहोचणार नाही अशा, मजबूत आडोशाने वेगळ्या केलेल्या कोपऱ्यावर, जाळीच्या आवरणासह, दोन स्वतंत्र साखळ्यांनी बांधलेला असावा. वायर घोडीच्या दातांपासून दूर असावी आणि माणूस सतत हजर असावा. त्या कोपऱ्यातून बाहेर सरकण्याची ताकद शिंगरात आहे ना, हे पाहावे, कारण जे शिंगरू हलू शकत नाही ते दिव्याखाली भाजते. गॅसवर किंवा कोळशावर चालणारी शेगडी बंद तबेल्यात कधीही नको. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

झूल हा दिव्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित उपाय आहे, परंतु प्रत्येक शिंगराला ती लागतेच असे नाही. पूर्ण दिवस भरलेले, कोरडे झालेले, भरपेट प्यायलेले शिंगरू निवाऱ्याच्या आणि खोल पेंढ्याच्या जागी शून्याच्या आसपासची थंडी झुलीवाचून सोसते. पारा त्याच्या बराच खाली जाणार असेल, किंवा शिंगरू लवकर जन्मलेले, जुळ्यांपैकी, किरकोळ अंगाचे किंवा आईविना वाढणारे असेल, तर झूल घालावी. घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. अंग पूर्ण कोरडे झाल्यावर, पहिले पिणे झाल्यावर आणि घोडीने त्याला चाटून ओळखल्यावरच ती घालावी. ओल्या केसांवर झूल घातली की ओल आतच कोंडते, उभे राहिलेले केस दबतात, आणि ऊब देण्यासाठी घातलेले वस्त्र गार फडक्यासारखे काम करते. झूल हलकी, आतली वाफ बाहेर सोडणारी आणि शिंगराच्याच मापाची असावी. मोठ्या घोड्याची झूल दुमडून बांधणे धोक्याचे आहे, कारण लोंबत्या पट्ट्यात पाय अडकून शिंगरू पडते. अगदीच अडचणीत माणसाचा जुना लोकरी स्वेटर चालतो: पुढचे पाय बाह्यांतून घालावेत, बाह्या गुडघ्याच्या वर कापून टाकाव्यात, आणि नर शिंगराच्या बाबतीत खालची बाजू मूत्राने भिजणार नाही इतकी आखूड ठेवावी.

झूल घालून विसरून जाणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. शिंगराचे वजन रोज किलोभर किंवा त्याहून अधिक वाढते, त्यामुळे सोमवारी सैल असलेला छातीचा पट्टा शनिवारी रुतू लागतो. दिवसातून दोनदा झूल पूर्ण काढून खांदे, मानेचा पाया आणि काखा पाहाव्यात, आतून हात फिरवावा. हाताला दमटपणा लागला तर शिंगरू घामेजले आहे. दुपारी ऊन पडले की झूल काढावी आणि रात्री कोरडी झूल घालावी, म्हणजे दोन झुली लागतात हे ओघाने आलेच. निरोगी शिंगराची झूल मी आठ-दहा दिवसांत, आधी दिवसा आणि मग रात्री, सोडवतो. अन्यथा स्वतःचे केस फुलवून थंडी झेलण्याची त्याला सवय लागत नाही.

घोडीचे खाणेपिणे हाही याच विषयाचा भाग आहे. विणीनंतर ती दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे 3 टक्के दूध देऊ लागते. म्हणजे 500 किलोच्या घोडीचे ते 15 लिटरच्या आसपास होते. त्यासाठी तिला भरपूर पाणी हवे, आणि बर्फासारखे गार पाणी घोडे कमी पितात. पाणी कोमट करून दिले की पिण्याचे प्रमाण वाढते. चांगले गवत तिच्यापुढे सतत असावे, कारण चाऱ्याच्या आंबण्यातून तिच्या पोटात जी उष्णता तयार होते तीच तिला रात्रभर पुरते. पाण्याचे भांडे शिंगरू त्यात पडणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले असावे.

आता थर्मामीटरविषयी, कारण हात लावून केलेला अंदाज दगा देतो. निरोगी शिंगराचे गुदद्वारातून घेतलेले तापमान 37.2 ते 38.9 अंश सेल्सिअस, म्हणजे 99 ते 102 अंश फॅरनहाइट असते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या तासात ते थोडे खाली असू शकते. मी पहिले मोजमाप शिंगरू कोरडे होऊन प्यायल्यावर घेतो, आणि थंडीच्या दिवसांत पहिले दोन दिवस दर सहा तासांनी. काचेच्या साध्या थर्मामीटरवर 35 अंशांच्या खालचे आकडे नसतात आणि पुष्कळ डिजिटल थर्मामीटरही त्याच्या थोडे खाली गेले की आकडा दाखवायचे थांबतात. आपला थर्मामीटर आकडाच दाखवत नसेल तर त्याला दोष देण्याआधी शिंगराच्या तोंडात स्वच्छ बोट घालावे. निरोगी शिंगराचे तोंड उबदार असते आणि जीभ लगेच बोटाभोवती वळून ओढू लागते. तोंड गार, जीभ सैल आणि पाय व कान थंड असतील, तर शिंगरू खरोखर गारठले आहे.

कुडकुडणाऱ्या शिंगराची मला फारशी भीती वाटत नाही. ते झगडत असते. थंड आहे पण कुडकुडत नाही, अशा शिंगराची भीती वाटते. आणि येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: निवाऱ्यात, कोरड्या जागी असलेले शिंगरू गार पडले, तर त्याला थंडी बाधली असे समजून झुली चढवत बसू नये. ते आजारी असण्याची शक्यता फार मोठी असते. रक्तातला जंतुसंसर्ग, जन्माच्या वेळी कमी पडलेला प्राणवायू किंवा 320 दिवसांच्या आत झालेला जन्म यांपैकी काहीतरी त्याच्या मागे असते. जंतुसंसर्गात ताप चढतोच असेही नाही, उलट तापमान उतरलेले असू शकते. रेशमासारखे मऊ केस, फुगीर कपाळ, लुळे कान आणि पायांची ढिली पडलेली शिरा-सांध्यांची बांधणी ही दिवस न भरल्याची चिन्हे आहेत. तापमान 37 अंशांच्या खाली राहत असेल, किंवा शिंगरू चोखत नसेल, तर उजाडण्याची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे.

पशुवैद्य येईपर्यंत काय करावे, यापेक्षा काय करू नये हे अधिक नेमके सांगता येते. चोखण्याची ओढ नसलेल्या शिंगराच्या तोंडात दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. 35 अंशांच्या खाली गेलेल्या शिंगराची आतडी जवळजवळ थांबलेली असतात, त्यामुळे पोटात घातलेले दूधही पुढे सरकत नाही. अशा शिंगराला शिरेतून कोमट द्रव आणि ग्लुकोज लागते आणि ते काम पशुवैद्याचे आहे. दारूचे थेंब पाजण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरून उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते आणि रक्तातली साखरही उतरते. गरम पाण्याच्या टबात बसवू नये. पाय शेकू नयेत आणि जोरात चोळू नयेत. हातापायांतले गार रक्त एकदम मध्यभागी आले आणि कातडीच्या वाहिन्या एकदम पसरल्या तर रक्तदाब कोसळतो. शिंगराला छातीवर बसते ठेवून, खाली जाड अंथरूण आणि वर कोरडे पांघरूण घालून, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छातीच्या आणि जांघेच्या बाजूला ठेवाव्यात. बाटली उघड्या कातडीला लागू देऊ नये, कारण गारठलेल्या कातडीला भाजल्याचे कळत नाही. विजेवर तापणारी गादी याच कारणासाठी टाळावी. तापमान तासाला साधारण एक अंश या गतीने चढावे, दर अर्ध्या तासाने मोजावे, आणि घोडीला शिंगरू दिसेल, हुंगता येईल, असे शक्य तोवर ठेवावे.

राहिला बाहेर नेण्याचा प्रश्न. निरोगी शिंगराला पहिला दिवस पूर्ण झाल्यावर, तापमान ठीक असल्याची आणि ते चांगले पीत असल्याची खात्री करून, वारा नसलेल्या कोरड्या दिवशी उन्हाच्या वेळेला बाहेर न्यायला हरकत नाही. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी करावी. पायांच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीने चालणे त्याला हवेच, आणि धावणाऱ्या शिंगराला थंडी फारशी जाणवत नाही. धावून दमलेले शिंगरू मात्र असेल तेथे आडवे होते, मग खाली ओली माती असो वा बर्फ. म्हणून ते निजले की बाहेरची वेळ संपली असे मी समजतो. जमिनीवर गोठलेल्या पाण्याचा थर असेल तर तापमान कितीही चांगले असले तरी नेऊ नये, कारण घसरून मांड्या फाकल्या तर ते दुखणे गारठ्यापेक्षा वाईट ठरते. पाऊस किंवा ओला बर्फ सुरू झाला तर लगेच आत आणावे, झूल भिजली असेल तर काढून टाकावी, टॉवेलने पाठ कोरडी करावी, आणि दुसरी झूल चढवण्याआधी त्याला एकदा आईपाशी पिऊ द्यावे.